तारीख आपली, मुदत नियमाची

लांब पल्ल्याच्या सायकलिंगविषयी आलेल्या पत्रांतून या वेळी एकाच विषयाची पत्रे निवडली आहेत. क्लबने जाहीर केलेल्या तारखेची वाट न पाहता, स्वतः दिवस ठरवून दोनशे ते सहाशे किलोमीटरची राइड कशी करावी आणि तिची नोंद कशी ठेवावी, असे विचारणारे हे वाचक बीआरएमच्या, म्हणजे ठरलेल्या मुदतीत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या राइडच्या, रस्त्यावर आधीच उतरलेले आहेत. त्यामुळे सायकलची निवड, सुरुवातीचा सराव या गोष्टींत उत्तरे अडकवलेली नाहीत.

प्रश्न : पुण्यात असताना मी एकाच हंगामात २००, ३००, ४०० आणि ६०० पूर्ण करून सुपर रँडोनर झालो. आता न्यू जर्सीत राहतो. मुले लहान आहेत आणि पत्नीची नोकरी शनिवार-रविवारी असते, त्यामुळे क्लबच्या तारखा जमत नाहीत. इथले सायकलस्वार ‘पर्मनंट’ करा असे सुचवतात. ती बीआरएमच्या तोडीची असते का? (एक वाचक, एडिसन)

उत्तर : अंतर, मुदत आणि कष्ट या तिन्ही बाबतींत ती बीआरएमच्या तोडीची आहे, मात्र ती प्रत्येक हिशेबात धरली जात नाही, आणि हा फरक सुरुवातीलाच समजून घेतलेला बरा. बीआरएमचे नियम १९०४ साली स्थापन झालेल्या ऑडॅक्स क्लब पॅरिसियँ या फ्रेंच संस्थेकडे आहेत. आपल्याला पाठ असलेल्या मुदती, म्हणजे २०० साठी साडेतेरा, ३०० साठी वीस, ४०० साठी सत्तावीस आणि ६०० साठी चाळीस तास, तिथूनच आल्या आहेत. बीआरएममध्ये तारीख, निघण्याची वेळ आणि मार्ग आयोजक क्लब ठरवतो. अमेरिकेत १९९८ पासून काम करणाऱ्या रँडोनर्स यूएसए या संस्थेने याला जोड म्हणून पर्मनंटची सोय केली आहे. तीत मार्ग तपासून संस्थेच्या यादीत नोंदवलेला असतो. सभासद आपल्या सोयीचा दिवस निवडतो, आधी नोंदणी करून संमतिपत्र भरतो, मार्ग पूर्ण करतो आणि वाटेतल्या ठरलेल्या ठिकाणांचे पुरावे पाठवतो, की ती राइड त्याच्या नावावर जमा होते.

पर्मनंटची ६०० सुपर रँडोनरच्या मालिकेत धरली जात नाही आणि फ्रान्समध्ये दर चार वर्षांनी होणाऱ्या पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिस या मोठ्या राइडच्या पात्रतेसाठीही चालत नाही. २०२७ चे पॅरिस डोळ्यांसमोर असेल, तर त्यासाठी लागणाऱ्या बीआरएमच्या तारखा घरी आत्तापासून बोलून ठेवाव्यात आणि बाकीचे वर्ष पर्मनंटवर काढावे. पर्मनंट जिथे खरोखर उपयोगी पडते ती गोष्ट म्हणजे सातत्य. सलग बारा महिने दरमहा किमान एक २०० करणाऱ्यांना ही संस्था ‘आर-१२’ हा सन्मान देते. क्लबच्या राइड जेव्हा विरळ होतात त्या हिवाळ्यात ही साखळी बहुतेकांना पर्मनंटच्याच आधारावर टिकवावी लागते. आपल्या घरची परिस्थिती पाहता मी ‘पी-१२’पासून सुरुवात सुचवेन. तीत १०० ते १९९ किलोमीटरच्या राइड चालतात. शंभराला साधारण पावणेसात तास मिळतात. पहाटे पाचला निघालेला अनुभवी सायकलस्वार अकराच्या आत घरी परतू शकतो, आणि उरलेला दिवस मुलांच्या वाट्याला येतो.

आणखी एक गोष्ट आवर्जून सांगतो. बीआरएममध्ये कुणाच्या तरी चाकामागे आपण दहा-वीस किलोमीटर सहज काढतो, कंट्रोलवर, म्हणजे वाटेतल्या नोंदीच्या ठरलेल्या ठिकाणी, ओळखीचा चेहरा दिसतो, पंक्चर झाले की कुणीतरी थांबतो. पर्मनंटमध्ये यातले काहीही गृहीत धरता येत नाही. त्यामुळे ज्याने ६०० केली आहे त्यानेही पहिली पर्मनंट २०० चीच करावी, असे माझे मत आहे.

प्रश्न : मला प्रमाणपत्राची हौस नाही, पण स्वतः आखलेली २०० बीआरएमइतक्याच काटेकोरपणे करायची आहे. मार्ग आणि पुरावा यांचा विचार कसा करावा? (एक वाचक, पुणे)

उत्तर : मार्ग आखण्याचे एक जुने तत्त्व आहे, आणि ते प्रमाणपत्र नसलेल्या राइडलाही लागू पडते : दोन कंट्रोलमधले अंतर हे त्या दोन ठिकाणांमधल्या सर्वांत जवळच्या रस्त्याचे धरायचे. समजा, आपण भोर, मांढरदेवीचा घाट आणि वाई या वाटेने साताऱ्याला जायचे ठरवले आणि कंट्रोल मात्र फक्त साताऱ्यात ठेवला. तर आपण घाट चढलात की महामार्गाने सरळ गेलात, हे त्या कागदावरून कुणालाच कळणार नाही. भोरला एक आणि वाईला एक कंट्रोल ठेवला की प्रश्न मिटतो. हे दुसऱ्या कुणी आपल्यावर संशय घेऊ नये म्हणून करायचे नाही. दुपारी दोन वाजता, डोक्यावर ऊन असताना, घाटाच्या पायथ्याशी उभे राहून ‘आज महामार्गानेच जाऊ’ असा विचार मनात येतो, तेव्हा वाईचा कंट्रोल आपल्याला घाटात नेतो.

म्हणून मार्ग आदल्या रात्री पक्का करावा, त्याची जीपीएस फाइल आणि निघण्याची वेळ घरच्या किंवा क्लबमधल्या एका माणसाला पाठवावी आणि त्यानंतर त्यात सोयीसाठी बदल करू नये. रस्ता बंद असेल किंवा धोका दिसला, तर बदल जरूर करावा आणि तो लिहून ठेवावा. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर सायकलला मनाई आहे; नकाशाच्या ॲपने तो सुचवला तरी लोणावळा–खोपोलीचा जुना महामार्गच घ्यावा.

पुराव्यासाठी एटीएमची पावती उत्तम, कारण तिच्यावर ठिकाण आणि वेळ दोन्ही छापलेले असते. पेट्रोल पंपावरच्या दुकानाची छापील पावतीही चालते. टपरीवर चहाचे पैसे यूपीआयने दिल्यास वेळ अचूक मिळते, पण ठिकाण मिळत नाही. कित्येकदा टपरीच्या नावाऐवजी मालकाचे किंवा त्याच्या मुलाचे नाव येते. तिथे गावाच्या नावाची पाटी आणि सायकल एकत्र दिसेल असे छायाचित्र काढून ठेवावे. थर्मल कागदावरची छपाई घामाने आणि उन्हाने पुसट होते, म्हणून पावती हातात पडताच तिचेही छायाचित्र घ्यावे.

वेळेचा हिशेब मात्र निर्दयपणे करावा. चालत्या सायकलचा वेग सरासरी वीस असेल, तर २०० ला दहा तास लागतात आणि थांबण्यासाठी साडेतीन तास उरतात. हे साडेतीन तास पुष्कळ वाटतात, पण एक पंक्चर, दोन जेवणे, पाणी भरण्यासाठी पाच-सहा वेळा थांबणे आणि कंट्रोल यांत ते कसे संपतात हे आपण अनुभवले असेलच. एकट्याने जाताना थांबे लांबतात, कारण ‘चला’ म्हणणारे कुणी नसते. मी प्रत्येक थांब्याची वेळ मार्गाच्या कागदावर आधीच लिहितो; नाश्त्याला वीस मिनिटे लिहिली असतील, तर एकविसाव्या मिनिटाला सायकलवर बसतो.

प्रश्न : अलिबागहून रत्नागिरीपर्यंत किनाऱ्याच्या रस्त्याने एका दमात जाण्याचा विचार आहे. खाड्या फेरीबोटीने ओलांडाव्या लागतात. हा वेळ मुदतीत धरायचा का? (एक वाचक, मुंबई)

उत्तर : धरायचा. या खेळात घड्याळ निघाल्यापासून पोहोचेपर्यंत चालूच राहते. बोटीत बसलो, झोपलो, जेवलो, ते सगळे मुदतीतच. बोटीने कापलेले अंतर मात्र सायकलच्या अंतरात धरू नये.

आपला मार्ग महाराष्ट्रातल्या सर्वांत देखण्या मार्गांपैकी आहे आणि आखायला सर्वांत अवघड मार्गांपैकीही. मुरूडच्या पुढे आगरदांडा–दिघी, हरिहरेश्वरजवळ बागमांडला–वेसवी, दापोलीच्या खाली दाभोळ–धोपावे आणि गुहागर-हेदवी ओलांडल्यावर तवसाळ–जयगड अशा चार खाड्या आडव्या येतात. प्रत्येक धक्क्यावर बोट नुकतीच सुटलेली असू शकते. चार ठिकाणी सरासरी अर्धा-अर्धा तास गेला, तरी दोन तास तिथेच खर्ची पडतात, आणि शेवटची बोट चुकली तर खाडीला वळसा घालून जाण्याचे अंतर सगळा हिशेब मोडून टाकते. शिवाय कोकणातला रस्ता नकाशावर समुद्रालगत दिसला, तरी प्रत्येक गावाआधी एक खडा चढ आणि गावात शिरताना तेवढाच तीव्र उतार असतो; वीसची सरासरी तिथे धरूच नये, सोळा-सतरा धरावी.

चारही खाड्या एकाच दिवसाच्या उजेडात ओलांडणे बहुतेकांना जमणार नाही. म्हणून माझा सल्ला असा, की पहिल्या खेपेस मुरूड ते गुहागर एवढाच टप्पा घ्यावा. त्यात तीन खाड्या येतात; परतीचे अंतर जोडून २०० सहज भरतात. निघण्याच्या आदल्या दिवशी प्रत्येक धक्क्यावर फोन करून पहिल्या आणि शेवटच्या फेरीची वेळ विचारून घ्यावी, कारण पावसाळ्यात आणि वादळी हवेत फेऱ्या बंद राहू शकतात. बोटीचे तिकीट जपून ठेवावे. कंट्रोलचा याहून चांगला पुरावा कोणता?

प्रश्न : गटाबरोबर ३०० पूर्ण केली आहे. आता एका मैत्रिणीसोबत स्वतः आखून ३०० करायची आहे, पण रात्रीच्या प्रवासाला दोन्ही घरांतून विरोध आहे. (एक वाचिका, कोल्हापूर)

उत्तर : स्वतः तारीख ठरवण्याचा सर्वांत मोठा फायदा आपल्याला मिळणार आहे, कारण तारखेबरोबर निघण्याची वेळही आपल्याच हातात असते. बीआरएममध्ये आयोजक सकाळी सहाला सोडतो आणि शेवटचे शंभर किलोमीटर अंधारात, अनोळखी रस्त्यावर येतात. तुम्ही दोघी पहाटे चारला निघा. थांबे धरून ताशी अठराची सरासरी राखली, तर ३०० पूर्ण व्हायला सोळा तास चाळीस मिनिटे लागतील, म्हणजे रात्री पावणेनऊच्या सुमारास परत याल आणि मुदतीचे तीन तासांहून अधिक शिल्लक राहतील.

त्याहून महत्त्वाची गोष्ट मार्गाच्या आकाराची आहे. एकाच दिशेने दीडशे किलोमीटर जाऊन परतण्याऐवजी इंग्रजी आठच्या आकड्यासारखी दोन वेटोळी आखावीत : पहिले २०० चे, दुसरे १०० चे, आणि दोन्ही कोल्हापुरातूनच जाणारी. वरच्या हिशेबाने दुपारी सव्वातीनच्या सुमारास तुम्ही घराजवळ असाल. तिथे जेवण, कोरडे कपडे, चार्ज केलेले दिवे, सगळे मिळेल, आणि घरच्यांना तुम्हाला प्रत्यक्ष पाहता येईल. उरलेल्या शंभरासाठी रोजच्या सरावाचा, पायाखालचा रस्ता निवडला की अंधाराचे अडीच-तीन तास ओळखीच्या गावांतून जातील. घराजवळ आल्यावर पुन्हा बाहेर पडणे मनाला जड जाते हे खरे; पण दोघी असल्यामुळे ते निभेल.

पहाटेचे दोन तास आणि रात्रीचे तीन तास यांसाठी पुढचा-मागचा दिवा सायकलला पक्का बसवलेला असावा, आणि एक जोडी सुटी जवळ ठेवावी. मागचा दिवा लुकलुकणारा ठेवण्याऐवजी स्थिर ठेवावा. मागून येणाऱ्याला त्यावरून अंतराचा अंदाज येतो. रिफ्लेक्टिव्ह जॅकेटबरोबर घोट्याला रिफ्लेक्टिव्ह पट्टे बांधावेत. पाय वरखाली होत असल्यामुळे पुढे सायकल चालली आहे हे ट्रकचालकाला पट्कन कळते.

प्रश्न : लीड्समध्ये राहतो. दरमहा एक २०० अशी वर्षभराची साखळी पूर्ण करायची आहे, पण डिसेंबर-जानेवारीची धास्ती वाटते. (एक वाचक, इंग्लंड)

उत्तर : ब्रिटनमध्ये १९७६ साली स्थापन झालेल्या ऑडॅक्स यूकेकडे या साखळीसाठी ‘रँडोनर राउंड द इयर’ हा सन्मान आहे, आणि स्वतः मार्ग आखून जीपीएसच्या नोंदीवर मान्यता मिळवण्याची ‘डीआयवाय’ पद्धतही तिथे चांगली रुळलेली आहे. लीड्समध्ये डिसेंबरात दिवस आठ तासांहूनही लहान असतो, म्हणजे साडेतेरा तासांच्या मुदतीतला मोठा भाग अंधारातच जाणार. पण धास्ती अंधारापेक्षा बर्फाची बाळगावी. रस्त्यावरचा पातळ, डोळ्यांना न दिसणारा बर्फ मिठाची फवारणी न झालेल्या गल्लीवजा रस्त्यांवर दुपारपर्यंत टिकतो. हिवाळ्यातला मार्ग मोठ्या, मीठ टाकल्या जाणाऱ्या रस्त्यांवरून आणि सपाट भागातून आखावा. डोंगराळ डेल्सकडे न जाता पूर्वेकडे, यॉर्कच्या मैदानी भागाकडे तोंड वळवावे. तारीख महिन्याच्या शेवटच्या आठवड्यासाठी कधीही राखून ठेवू नये. पहिल्या पंधरवड्यात हवामान बरे दिसले, की मंगळवार असो वा गुरुवार, रजा टाकून निघावे. तारीख हातात असण्याचा उपयोग तो हाच. पारा शून्याखाली गेलेला असेल, तर साखळी तुटली तरी चालेल, पण निघू नये.

प्रश्न : मागून सपोर्ट गाडी ठेवली तर ती राइड खरी मानावी का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : मानू नये. बीआरएममध्येही वैयक्तिक मदत फक्त कंट्रोलवर चालते, दोन कंट्रोलच्या मधे चालत नाही. घरच्यांना काळजी वाटत असेल, तर फोनवरून थेट ठिकाण दिसण्याची सोय चालू ठेवावी आणि प्रत्येक कंट्रोलवरून संदेश पाठवावा.

प्रश्न : २०२३ मध्ये पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिस केली. पुन्हा फ्रान्सला जायचे आहे, पण चार वर्षांनी येणाऱ्या तारखेपर्यंत थांबवत नाही. (एक वाचक, ठाणे)

उत्तर : मग आपण ‘दियागोनाल’कडे वळावे, या विषयातला माझा सर्वांत आवडता प्रकार हाच आहे. फ्रान्सच्या नकाशाची सहा टोके, म्हणजे ब्रेस्ट, डंकर्क, स्ट्रासबर्ग, मॉन्तों, पर्पिन्याँ आणि ओंदाय, एकमेकांना तिरकी जोडली की नऊ कर्णरेषा होतात. १९३० पासून सायकलस्वार या रेषा ठरलेल्या मुदतीत, आपल्या पसंतीच्या तारखेला पार करत आले आहेत. मार्ग आणि वेळापत्रक आधी कळवायचे असते. निघताना आणि पोहोचल्यावर कार्डावर शिक्का मारून घेण्यासाठी पोलीस ठाण्यात जावे लागते. ब्रेस्टहून मॉन्तोंपर्यंतची, म्हणजे अटलांटिकपासून भूमध्य समुद्रापर्यंतची रेषा सुमारे १४०० किलोमीटरची आहे. यापूर्वी दियागोनाल केलेली आणि वाटेवरच्या गावांत राहणारी मंडळी आपले वेळापत्रक पाहून रस्त्यावर भेटायला येतात, चार किलोमीटर सोबत करतात आणि पुढच्या वाटेला लावून परत जातात. हजारो सायकलस्वारांच्या पॅरिस–ब्रेस्टमध्ये मिळालेल्या आदरातिथ्याची ही वेगळी, शांत जात आहे.

चढांची ओढ असेल, तर ऑडॅक्स क्लब पॅरिसियँच्याच छत्राखालची ‘सुपर रँदोने’ पाहावी : ६०० किलोमीटर आणि किमान १०,००० मीटर चढाई, तीही आपल्या तारखेला. तिला मुदत वेगळी, नेहमीच्या ६०० पेक्षा जास्त आहे. कंट्रोलवर सायकलसह छायाचित्र घेणे हाच पुरावा. सह्याद्रीतला घाट तासाभरात संपतो. आल्प्समध्ये एकच खिंड तीन-तीन तास चढावी लागते, याची तयारी इथेच, एकच घाट दिवसातून अनेकदा चढून करावी.

प्रश्न : एकट्याने ६०० करताना झोप आणि माघार यांचे निर्णय कसे घ्यावेत? सोबत कुणी नसल्यामुळे हीच भीती सर्वाधिक वाटते. (एक वाचक, नागपूर)

उत्तर : हे निर्णय रस्त्यावर घ्यायचेच नाहीत, ते घरी, जागेपणी, कागदावर लिहून घ्यायचे. पहाटे तीन ते पाचच्या दरम्यान थकलेल्या मेंदूला स्वतःची अवस्था कळत नाही. डोळे उघडे असतात, चाक मात्र कडेच्या पांढऱ्या पट्टीकडे सरकत जाते. आपण वाक्य मनात सुरू करतो आणि ते कुठे निघाले होते हे विसरतो. ही दोन लक्षणे दिसली की पुढच्या उजेडाच्या जागी, पेट्रोल पंपावर किंवा एसटी स्थानकावर थांबावे आणि गजर लावून वीस मिनिटे झोपावे. हा नियम पाळायला गटात कुणीतरी आठवण करून देते; एकट्याने तो लिखित असावा लागतो.

चाळीस तासांत वीसच्या वेगाने सायकल चालवण्यास तीस तास लागतात, आणि उरलेल्या दहांतून तीन-साडेतीन तासांची खरी झोप काढता येते. तिची जागा आधी ठरवावी, लॉजला रात्री उशिरा येणार असल्याचे कळवून पैसे देऊन ठेवावेत, आणि ती जागा ३५० ते ४०० किलोमीटरच्या मधे असावी. नागपूरकडे एप्रिल-मे वगळावेत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच एकट्याने ६०० करण्याचा काळ. हिवाळ्यातही दुपारी घाम बराच जातो. केवळ साधे पाणी पीत राहिल्यास अंगातले मीठ कमी होऊन मळमळ आणि गोंधळलेपणा येतो, म्हणून ओआरएस, मीठ घातलेले ताक आणि खारे शेंगदाणे मार्गाच्या कागदावर थांब्यांप्रमाणेच लिहावेत.

माघारीची लक्ष्मणरेषाही आधीच आखावी : उलटी होऊन पाणीही पोटात ठरत नाही, पुढचा दिवा बंद पडला आणि दुसरा नाही, किंवा वीस मिनिटांच्या झोपेनंतर पुन्हा चाक सरकू लागले. यांपैकी एक झाले की राइड तिथेच संपवावी. मार्गावर दर ७०-८० किलोमीटरला सायकलसह परत नेणारा टेम्पो किंवा जीप कुठे मिळेल, त्याचे फोन क्रमांक आधी मिळवून त्याच कागदावर लिहावेत. ज्याच्याकडे परतीची सोय लिहिलेली असते तो वेळेवर थांबतो. स्वतः तारीख ठरवलेल्या राइडला पुढच्या वर्षाची वाट पाहावी लागत नाही, पुढच्याच आठवड्यात तोच मार्ग पुन्हा घेता येतो, आणि पहिल्या खेपेच्या कागदावर चुकलेल्या वेळा तोवर दुरुस्त करता येतात.